आधी म्हातारपण सांगा

अण्णा गेल्याचं मला अक्कांनी स्वतः फोन करून कळवलं. डिसेंबरातली सकाळ होती. मी कोरमंगलातल्या ऑफिसात, कुणीतरी पडद्यावर दाखवत असलेल्या रंगीत चौकोनांकडे बघत जांभई दाबत बसले होते. फोनवर अक्कांचं नाव दिसलं तेव्हा वाटलं, गॅसवाला आला असेल, किल्ली कुठे ठेवलीयस असं विचारत असतील. "अनघा, अण्णा गेले गं," अक्का म्हणाल्या. "इडली खाल्ली, पेपर उघडला आणि बसल्या जागी गेले. डॉक्टर येऊन बघून गेले..." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "तू काहीतरी खाऊन निघ हं. इथं आल्यावर तुला कुणी विचारणार नाही." मी मुकाट्यानं कँटीनमध्ये गेले, उप्पीट घेतलं आणि रडत रडत सगळं संपवलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलांना वाटलं असेल, उप्पीट फार तिखट झालंय.

जयनगरला पोचले तेव्हा व्हरांड्यात माणसं मावत नव्हती. अण्णा म्हणजे वसंत कुलकर्णी, मूळचे निपाणीचे, इथल्या एका सरकारी कारखान्याच्या पगार विभागातून निवृत्त झालेले, वय वर्षं ब्याऐंशी. अक्का त्यांची बायको, आणि मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. नातं म्हणाल तर एवढंच, पण त्या दिवशी येणारा प्रत्येक जण अक्कांच्या आधी माझ्याकडे बघून मान हलवत होता. मुलगा आणि सून परदेशातून निघाले होते, पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. तेवढ्यात देशपांडे आले. हे सरकारी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, मागच्या गल्लीत राहणारे. अण्णांच्या पायाशी वाकून नमस्कार केला, डोळे पुसले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अनघा, जानेवारी आला... आता टॅक्सचं विचारायचं कुणाला?" आणि लगेच जीभ चावली. मला इतकं हसू आलं की मी पदराआड, म्हणजे ओढणीआड, तोंड लपवलं. लोकांना वाटलं हुंदका आला. अण्णांनी मात्र तो प्रश्न अजिबात अस्थानी मानला नसता, खुर्ची पुढे सरकवून "बसा की" म्हणाले असते.

अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे खोली बघायला गेले, तेव्हा मला बेंगळुरूच्या घरमालकांचा पुरेसा अनुभव होता. डिपॉझिट सांगून घेरी आणणारे, पाहुणे किती येणार ते विचारणारे, आणि भाड्याच्या पावतीवर पॅन नंबर मागितला की एकदम कानडीखेरीज दुसरी भाषा न समजणारे. अण्णांनी खोली दाखवली, अक्कांनी कॉफी दिली, आणि मी काही मागायच्या आत अण्णा म्हणाले, "पॅन नंबर पाठ करून ठेव माझा. तुझ्या ऑफिसात लागेल. घरभाड्याची वजावट सोडू नकोस, सरकारला काय कमी आहे?" पॅन नंबर आपणहून देणारा घरमालक मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. मी त्याच क्षणी होकार दिला. वरच्या नळाला पाणी येत नाही हे मला नंतर कळलं.

खरे अण्णा कळले ते पहिल्या जानेवारीत. कंपन्या गुंतवणुकीचे पुरावे मागतात ते त्याच दिवसांत, आणि बेंगळुरूच्या बाजारात अवरेकाळूचे ढीग लागतात तेही त्याच दिवसांत. अवरेकाळू म्हणजे आपल्या पावट्याचा इथला भाऊ. इथली माणसं त्यासाठी वेडी होतात. दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली कोवळी डाळ सटकन पातेल्यात पडते. आपल्याकडे डाळिंब्या सोलतात तसंच, फक्त इथे प्रमाण लग्नघरासारखं. अक्का धारवाडच्या, त्यांच्या हातचं या डाळीचं सारू, म्हणजे पातळ आमटी, खाल्लं की माणूस भाडेवाढीबद्दल तक्रार करत नाही. तर जानेवारी-फेब्रुवारीच्या रविवारी सकाळी अण्णांच्या व्हरांड्यात सतरंजी पसरलेली, मधोमध भिजवलेल्या अवरेकाळूचं घमेलं, आणि भोवती ओळखीपाळखीची मराठी माणसं. कुणी निपाणी-बेळगावकडची, कुणी पुण्याहून नोकरीला आलेली. प्रत्येकाच्या मनात टॅक्सचा प्रश्न आणि हातात अवरेकाळू. अण्णांची फी हीच. प्रश्न विचारायचा असेल तर दाणे सोलायचे. मोठा प्रश्न असेल तर मोठी वाटी. सल्ला देताना अण्णा स्वतः एकही दाणा सोलत नसत, वेताच्या खुर्चीत बसून कुणाच्या वाटीत साली जास्त पडतात तेवढं बघत.

पण खरी मेख पुढेच होती. एखादा नवखा यायचा, मांडी घालून बसायचा आणि एका दमात विचारायचा, "काका, कंपनी एनपीएसमध्ये, त्या पेन्शन योजनेत, पैसे घालते म्हणतेय, त्यावर टॅक्स किती वाचेल?" अण्णा म्हणत, "सांगतो की. आधी तुझं म्हातारपण सांग." नवख्याला वाटायचं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. अण्णा परत सांगत, "साठीनंतरची एक सकाळ सांग. उठणार कुठल्या गावात, चहा कोण करणार, दुपारी काय करणार. ते कळल्याशिवाय मी वजावटीचं बोलत नाही." हे त्यांचं गंमत म्हणून नव्हतं. कारखान्यात पगार विभागात असताना त्यांनी शेकडो माणसं निवृत्त होताना पाहिली होती. पीएफचे पैसे हातात आल्यावर सहा महिन्यांत स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी बसलेली माणसं त्यांना आठवत. "कर वाचवायला अक्कल लागत नाही, ते मी पण करून देतो," ते म्हणत. "पण पैसा साठीपर्यंत कोंडून ठेवायचा तर साठीला दार कोण उघडणार, ते तरी माहिती पाहिजे की नको?"

मग लोक म्हातारपण सांगत. त्यात काय काय ऐकलंय मी! एक नवविवाहित जोडपं कोरमंगलाहून स्कूटरवर यायचं, रोहित आणि केतकी. रोहितनं फार उत्साहानं सांगितलं की तो साठीला कोकणात आंबे लावणार, समुद्राच्या आवाजानं उठणार. केतकीच्या हातातला दाणा तिथंच थांबला. "मी कुठे आहे त्यात?" तिनं विचारलं. "म्हणजे काय, तू चहा करतेयस ना..." यावर जे झालं ते लिहीत नाही. तिला इथं जयनगरात येऊन राहायचं होतं, चालत जाण्यासारखं ग्रंथालय आणि दर रविवारी बाहेर जेवण, एवढं तिचं म्हातारपण ठरलेलं होतं आणि ते नवऱ्याला पहिल्यांदाच कळत होतं. अण्णांनी शांतपणे दोघांच्या वाट्या बघितल्या, त्यांना परत पाठवलं आणि म्हणाले, "आधी दोघं मिळून म्हातारे व्हा. पुढच्या रविवारी या." आणि गंमत म्हणजे ते आले. आंबे आता जयनगरच्या गच्चीवर कुंडीत येणार असं ठरलं होतं. आंबे कुंडीत येतात का मला माहीत नाही, पण रोहितला त्या दिवशी वजावट मिळाली.

जुनी आणि नवी अशा दोन करप्रणाली आल्या, तेव्हा अण्णांना अक्षरशः ऊत आला. त्या दोघींना ते थोरली सून आणि धाकटी सून म्हणत. "थोरली सगळं विचारते. भाडं किती, विमा किती, मुलाची फी किती. पण विचारून विचारून का होईना, वाढते. धाकटी काही विचारत नाही, दर कमी लावते आणि ताट उचलून नेते. मात्र कंपनी तुमच्यासाठी पेन्शनमध्ये घालते त्याला ती पण नाही म्हणत नाही, एवढा एक गुण." आतून अक्कांचा आवाज यायचा, "सासऱ्याचं कोण सांगणार?" देशपांडे या सुनांच्या कचाट्यात सापडले होते. पेन्शन योजनेत स्वतःच्या खिशातून पन्नास हजार घातले की जादा वजावट मिळते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि मार्चच्या अखेरीस घाईघाईनं पैसे भरून टाकले. ती वजावट फक्त थोरलीकडे मिळते आणि आपण धाकटीकडे जेवायला बसलोय, हे शास्त्रज्ञबुवांच्या लक्षातच आलं नव्हतं. अण्णांनी हिशेब करून बघितला. रिटर्न भरताना थोरलीकडे परत जाता आलं असतं, पण तसं केलं तर वाचणाऱ्या करापेक्षा बसणारा कर जास्त होत होता. देशपांड्यांचा चेहरा पडला. "अहो, कर वाचला नाही, पण पैसे कुठं गेलेत?" अण्णा म्हणाले. "तुमच्याच म्हातारपणात आहेत. भेटतील तिथं." देशपांड्यांनी त्या दिवशी दोन वाट्या सोलल्या.

आता माझं सांगते. माझी कंपनीसुद्धा असा पर्याय देते. वर्षातून एकदा, जानेवारीत, पगाराची मांडणी बदलायची मुदत असते. तेव्हा हवं तर बेसिक पगाराचा काही भाग कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवायचा. तो पर्याय आला त्या वर्षी मीही वाटी घेऊन बसले आणि अण्णांनी मलाही विचारलं, "सांग, साठीची सकाळ." मी म्हटलं, "अण्णा, मी भाडेकरू आहे, मला सूट द्या." त्यांनी दिली नाही. मग मी खरं ते सांगितलं. आमच्या घरात बायका साठी बघत नाहीत. आई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली, मावशी एक्कावन्नाव्या, आणि आजीला तर मी पाहिलेलंच नाही. तिघींच्या मरणाची कारणं वेगळी होती, डॉक्टरांनी मला कधी काही भीती घातलेली नाही, पण मनानं केव्हाच हिशेब घालून टाकला होता. मी घर घेतलं नव्हतं, दहा वर्षांचा विमा घेताना हसले होते, आणि साताऱ्याहून भाऊ "पुढचं काय ठरवलंयस" म्हणाला की "पुढच्या महिन्यात गोव्याला जातेय" असं सांगत होते. साठीपर्यंत पैसे अडकवायचे म्हणजे ज्या गावाला आपण जाणार नाही तिथलं तिकीट काढायचं, असं मला वाटायचं. अण्णा नुसतं "बरं" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्या वर्षी मी काही केलं नाही.

पुढच्या जानेवारीत त्यांनी मला सगळे गेल्यावर थांबवून घेतलं. सोललेल्या डाळीतले दाणे माझ्या पुढ्यात मांडायला लागले. "हे शंभर दाणे तुझं बेसिक धर. शंभर नाहीत, धरून चाल की. यातले दहा कंपनी तिकडच्या वाटीत घालणार." दहा दाणे वाटीत गेले. "आता तुला वाटतं, हातात दहा कमी आले. पण तू वरच्या टप्प्यात आहेस. या दहातले तीन तर कर म्हणून नाहीतरी जाणारच होते. म्हणजे तुझ्या हातचे गेले सात, आणि वाटीत पडले दहा. कळलं?" मी म्हटलं, "कळलं. पण वाटी साठीला उघडणार." "हो." "आणि साठीला मी नसले तर?" अण्णा जणू याचीच वाट बघत होते. "तू नसलीस तर सगळी वाटी तू जिचं नाव लिहिशील तिला मिळणार. साताऱ्याच्या तुझ्या भाचीला मिळेल. त्याची काळजी नको. तुझ्या मरणाची सोय कायद्यानं केलेली आहे बाई. तू जगलीस तर काय, त्याची सोय कुणी केलीय?" मला राग आला. फारच राग आला. हे सगळं इतकं सरळ कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. मी चपला घालून वर निघून गेले आणि आठवडाभर फक्त अक्कांशी बोलले, तेही जिन्यात भेटल्या तर. अक्का रोज सारू पाठवत होत्या, त्यामुळे रुसणंही नीट जमेना.

तरी अण्णा काही सर्वज्ञ नव्हते, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर ते वरून रागावतील. धाकट्या सुनेवर त्यांचा मुळातच राग, त्यामुळे तिच्याबद्दलचं काही ते लक्ष देऊन वाचत नसत. कंपनीनं घातलेल्या पेन्शनची मर्यादा नव्या प्रणालीत दहा टक्क्यांवरून चौदा झाली, हे साऱ्या जगाला कळलं आणि आमच्या व्हरांड्याला कळलं नाही. अण्णा त्या जानेवारीतही सगळ्यांना छातीठोकपणे दहाच सांगत बसले होते. मी ऑफिसच्या मेलमध्ये वाचलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, चौदा झालेत." "हट्. ते सरकारी लोकांना." "नाही अण्णा, आता सगळ्यांना, धाकटीकडे." त्यांनी चष्मा लावला, माझ्या फोनवर वाचलं, परत वाचलं, आणि उठून आत गेले. अर्धा तास बाहेर आले नाहीत. व्हरांड्यात बसलेल्यांना वाटलं आता सल्ला बंद. अक्का आत डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "रुसलेत. सरी होतील." कानडीत सरी म्हणजे ठीक. मग अण्णा फोन घेऊन बाहेर आले आणि आधीच्या रविवारी आलेल्या एकेकाला फोन लावायला लागले. "कुलकर्णी बोलतोय. मी चुकलो. दहा नव्हे, चौदा. हो, म्हातारा झालो. नाही, फी परत मिळणार नाही, डाळ खाऊन झाली." सगळे फोन संपल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? एक्क्याऐंशीव्या वर्षी चुकायला काय मजा येते. तुला हे पाहिजे की नको?" मला हसू आवरेना. त्या क्षणी, अगदी त्या एका क्षणी, मला ते पाहिजे होतं. पण मुदत संपेपर्यंत मी परत काहीच केलं नाही. मुदती संपू द्यायची मला चांगली सवय होती.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, मी ऑफिसातून आले तेव्हा अण्णा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. अलीकडे त्यांना फिरायला जाणं जमत नव्हतं, म्हणून ते गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्यांना फिरू देत आणि स्वतः बघत. "स्वल्प बस," म्हणाले. मी पायरीवर बसले. "जानेवारी जवळ आला. यंदा तरी सांग." मी म्हटलं, "अण्णा, मला दिसतच नाही हो काही. खरंच सांगते. डोळे मिटून बघितलं तरी दिसत नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग खोटं सांग. पण सांग." ... मी हसले आणि थापा मारायला सुरुवात केली. म्हटलं, मी साठीची आहे. सकाळी सहाला उठते. "सहाला कशाला? तू आता आठला उठतीस." बरं, आठला उठते. कॉफी घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसते. "तिसरा मजला नको. गुडघे जातात. खाली घे घर." मी खाली घेतलं. दोन मांजरं आहेत. "एक पुरे. दुसऱ्याला बघायला कोण? तू गोव्याला जाणार." मी गोव्याला जाते का साठीला? "का नाही जाणार? पाय चालतायत की तुझे." मग मी शेजारच्या मुलांना मराठी शिकवते म्हटलं, ते त्यांना पटलं. पण फुकट नको म्हणाले, फुकट शिकवलं की आया मुलं पाठवत नाहीत. असं आम्ही फाटकाशी बसून माझं खोटं म्हातारपण बरंच दुरुस्त केलं. ते इतक्या गांभीर्यानं मोडतोड करत होते, की शेवटी शेवटी मला त्या बाईची, म्हणजे माझीच, जरा काळजी वाटायला लागली. तिला औषधं वेळेवर मिळतात का, तिच्या घराला ऊन येतं का. अक्कांनी आतून जेवायला हाक मारली तेव्हा आमचं दुपारपर्यंतच आलं होतं. अण्णा म्हणाले, "उरलेलं परत कधी." ते परत कधी झालं नाही. पुढच्या महिन्यात ते गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि तीही अगदी अशा किरकोळ वेळी, मांजरं किती असावीत असल्या प्रश्नावर.

तेराव्यानंतर मुलगा आणि सून परत गेले. त्यांनी अक्कांना बरोबर चला म्हणून खूप आग्रह केला. अक्का म्हणाल्या, बघू. त्या घरात अगदी शांत वावरत होत्या, स्वयंपाक एकाच भांड्यात करत होत्या, आणि कुणी काही विचारलं की "आता काय, चाललंय" म्हणत. जानेवारीतल्या एका शनिवारी मी बाजारातून येताना सहज अवरेकाळू घेतले, अक्कांना बरं वाटेल म्हणून थोडेसेच. घरात येऊन बघते तर स्वयंपाकघरात मोठं घमेलं भिजत घातलेलं. अक्कांनी शेजारणीकडून मागवले होते. "लोक येतील गं," त्या म्हणाल्या. "सवयीनं येतील. मग त्यांना रिकामं बसवायचं का?"

आणि लोक आले. रविवारी सकाळी देशपांडे आले, रोहित-केतकी आले, त्यांच्याबरोबर दोन नवे चेहरे आले. सतरंजी पसरली गेली. वेताची खुर्ची कुणी हलवली नाही आणि तिच्यात कुणी बसलंही नाही. पाच-दहा मिनिटं सगळे नुसते दाणे सोलत बसले. मग नव्यांपैकी एकीनं घाबरत विचारलं, "एनपीएसचं कोण सांगतं इथं?" देशपांड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाणे मांडायला लागले. शंभर धरायचे, यातले चौदा कंपनी वाटीत घालते, तू वरच्या टप्प्यात असलीस तर त्यातले चार नाहीतरी करात जाणार होते, म्हणजे तुझ्या हातचे गेले दहा. साठीला काही हातात येणार, काहीची दरमहा पेन्शन बसणार, तिच्यावर तेव्हा कर लागेल, अगदी फुकट काही नाही. मुलीनं मान हलवली. सगळं बरोबर सांगितलं होतं, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. केतकी म्हणाली, "अगं, तिचं म्हातारपण नाही विचारलंस."

मी विचारणार होते. पण मला अगदी लख्ख कळलं की आधी मला सांगावं लागेल. मी म्हटलं, "माझं सांगते." आणि सांगितलं. साठीची सकाळ, आठ वाजता उठणं, खालच्या मजल्यावरचं घर, एक मांजर, फी घेऊन मराठी शिकवणं. फाटकाशी जेवढं झालं होतं तेवढं सांगून झालं, आणि तरी मी थांबले नाही. दुपारी वाचत वाचत झोपते. संध्याकाळी भाचीचा फोन येतो, ती तेव्हा कुठल्या देशात असेल कुणास ठाऊक. रविवारी सतरंजी पसरते... हे खोटं आहे असं सांगायचं मी विसरले. सांगताना मला ते दिसत होतं. आई गेली त्या वयाला मी आणखी पोचलेही नाही, अजून अलीकडेच आहे, आणि तरी त्या वयाच्या कितीतरी पलीकडची एक बाई माझ्या आवाजात बोलत होती आणि ती मजेत होती. शुक्रवारी ऑफिसात मी चौदा टक्क्यांवर खूण केली होती, हे मी कुणालाच बोलले नव्हते. आता सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देशपांडे म्हणाले, "नॉमिनी भरलात ना?" मी म्हटलं, भरलं.

अक्का उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. अण्णांनी त्यांना हा प्रश्न कधी विचारला नव्हता, कारण त्यांना पगार नव्हता आणि वजावटही नव्हती. त्यांच्या हातातला दाणा सालीतून अर्धा बाहेर आला होता आणि त्या मनात काहीतरी मोजत होत्या.

"तुला साठ व्हायला किती राहिली गं?" त्यांनी विचारलं.

"सोळा वर्षं, अक्का."

"सोळा. म्हणजे मी तेव्हा त्र्याण्णव." त्यांनी दाणा पातेल्यात टाकला. "सरी. पण तेव्हा भिजत घालायचं काम तुझं हं. एवढं मोठं घमेलं माझ्यानं उचलायचं नाही."

मी हो म्हटलं.